‘बेअरिंग बसतंय ना? मग सोड!’

एका तरुण इन्स्पेक्टरचं पत्र आलंय, थोडं आटोपशीर करून देतो:

‘काका, मी अंबाजोगाईकडचा, मेकॅनिकल डिप्लोमा. भोसरीतल्या एका मशिन शॉपमध्ये दीड वर्ष लाइन इन्स्पेक्टर आहे, कॉन्ट्रॅक्टवर. आम्ही मोटरसायकलच्या चाकाचे ॲल्युमिनियमचे हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) मशिन करून देतो. मागच्या मंगळवारी सेकंड शिफ्टला सातच्या सुमारास इन्स्पेक्शन टेबलावरची ट्यूबलाइट गेली, म्हणून बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं उपकरण) घेऊन मी मशिनपाशीच गेलो. तिथं बेअरिंगच्या बोअरची रिडिंग वर जायला लागली. ड्रॉइंगला ४० पी७ आहे, म्हणजे बोअर फार तर ३९.९८३ मिलिमीटर हवा, आणि जॉब त्याहून ४ ते ८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे दिसत होते. लॉट होल्ड करतो म्हणालो, तर शिफ्ट इनचार्जनी स्टोअरमधून एक बेअरिंग आणलं, अंगठ्यानं हबमध्ये बसवून दाखवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “बेअरिंग बसतंय ना? मग सोड! तुझ्या मायक्रॉनसाठी टेम्पो थांबवू का?” मी रिपोर्टमध्ये ३९.९८० लिहिलं आणि सही केली. दीडशे हब गेले. वर शिफ्ट सुटताना स्टोअरवाल्यानं बेअरिंग परत मागितलं, ते निघेना, पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) लावावा लागला, त्याचीही बोलणी मलाच. तेव्हापासून झोप नाही. कोणाचं चाक डगमगून काही झालं तर? ऑपरेटर तर मला आधीपासूनच दुश्मन समजतात. नोकरी सोडू का? की सरळ कस्टमरला फोन करून सांगून टाकू?’

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पुलरपाशी थांबलो.

अंगठ्यानं आत गेलेलं बेअरिंग शिफ्ट सुटताना पुलरशिवाय निघत नाही, हे कसं? बेअरिंग तेच, हब तोच. मधल्या वेळात बदललं असेल तर ते फक्त हबचं तापमान. गाडीच्या गॅरेजमध्ये कधी बघितलं असशील, हबमध्ये नवं बेअरिंग घालायचं असलं की मेकॅनिक आधी हब तापवतो. तापलेलं ॲल्युमिनियम फुगतं, बेअरिंग आत सरकतं, हब निवला की आवळून धरतो. तुझ्या इनचार्जनी सगळ्यांसमोर नेमकं तेच करून दाखवलं, फक्त त्यांना स्वतःला ते माहीत नव्हतं. आणि ज्याच्यावरून तुला ओरडा बसला तो पुलर तुझ्या बाजूचा साक्षीदार होता. किंवा तुझ्याही विरुद्धचा. कसा ते सांगतो.

सातपर्यंत जॉब मशिनवरून उतरून टेबलापर्यंत यायचा, ट्रेमध्ये थोडा पडून राहायचा, मग तू मोजायचास. ट्यूब गेली आणि तू मशिनपाशी गेलास, म्हणजे चकमधून निघालेला जॉब लगेच गेजवर. सेटिंग रिंग, म्हणजे जिच्यावर गेज लावून घेतात ती पोलादी रिंग, बरोबर नेली होतीस का? तू लिहिलेलं नाहीस, पण माझा अंदाज असा की ती टेबलाच्या खणातच राहिली. आता हिशोब कर. मापं २० अंश सेल्सिअसला खरी धरायची, असं १९३१ सालीच जगानं ठरवून टाकलंय. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद साडेअकरा. म्हणजे ४० मिलिमीटरचा बोअर एका अंशाला जवळपास ०.९ मायक्रॉन मोठा होणार आणि पोलादाची रिंग त्याच्या निम्मी. जॉब ४० अंशाला असेल, हाताला जेमतेम कोमट लागतो तेवढा, तर बोअर १८ मायक्रॉननं फुगलेला. तुझी रिंग ३० अंशाला, ती फुगलीय साडेचार. फरक उरला १४ मायक्रॉनच्या आसपास. ४० पी७ म्हणजे ३९.९५८ ते ३९.९८३, पूर्ण टॉलरन्स (चालणारा फरक) २५ मायक्रॉन. निम्म्याहून जास्त टॉलरन्स नुसत्या उष्णतेनं खाल्लाय आणि तू ४ ते ८ मायक्रॉनसाठी रात्रभर जागा.

थोडक्यात, तुला ३९.९८७ ते ३९.९९१ दिसलेले बोअर निवल्यावर ३९.९७३ ते ३९.९७७ च्या घरात असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे चांगले जॉब. तू लिहिलेलं ३९.९८० हे ‘खोटं’ रिडिंग तुझ्या खऱ्या रिडिंगपेक्षा सत्याच्या जवळ निघावं, ही यातली गंमत. पण हसू नकोस, त्यावर येतोच.

हे सगळं मी पुण्यात खुर्चीत बसून, एका पुलरवरून ताडलेलं आहे. तेव्हा उद्या फर्स्ट शिफ्टला जाऊन खरं काय ते बघ. मंगळवारच्या सेकंड शिफ्टचा सेटअप अप्रूव्हलचा (काम सुरू करताना मंजूर केलेला) पीस आणि शेवटचा पीस ठेवलेला असेल, त्याच बॅच कोडचे काही हब स्टोअरमध्ये उरले असतील. ते स्टँडर्ड रूममध्ये (मोजमापाच्या थंड खोलीत) दोन-चार तास ठेव आणि सीएमएमवर (मापं घेणाऱ्या मशिनवर) किंवा त्याच बोअर गेजवर माप, रिंग शेजारीच ठेवून. एक जॉब पाच वेळा माप, मग दुसऱ्या कोणाला तरी, तुझं रिडिंग न सांगता, तोच मापायला दे. तुमच्या दोघांत आणि गेजमध्ये मिळून २५ मायक्रॉनच्या टॉलरन्सला अडीच मायक्रॉनच्या आतली चूक असेल तर उत्तम. साडेसातच्या पुढे गेली, तर त्या गेजवर पास-फेल ठरवूच नये. हे दहा टक्के आणि तीस टक्क्यांचं गणित तू एमएसएच्या (मोजमापाची पद्धतच तपासण्याच्या) ट्रेनिंगमध्ये ऐकलं असशील. बहुतेकांच्या बाबतीत ते ऑडिटच्या आदल्या आठवड्यात फाइलपुरतंच येतं. आणि डायलचा लीस्ट काउंटही (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) बघून घे. तो ०.०१ चा असेल, तर ४ मायक्रॉन तुला दिसले कुठून, हा प्रश्न मी विचारण्याआधी तुझ्या क्वालिटी हेडनी विचारलेला बरा.

आणखी एक. बोअरिंगचा इन्सर्ट (कापणारी पात) झिजत गेला की बोअर लहान होत जातो, मोठा होत नाही. रिडिंग वर चढू लागलं की पहिला संशय ऑफसेटवर (मशिनला दिलेल्या मापाच्या दुरुस्तीवर), नव्या इन्सर्टवर किंवा गरम जॉबवर घ्यायचा. सेटरला विचार, सातनंतर कोणी ऑफसेटला हात लावला का. तुझं ‘मोठा येतोय’ ऐकून त्यानं दहा-बारा मायक्रॉन खाली घेतले असतील, तर पुढच्या शिफ्टचे जॉब निवल्यावर लहान निघतील. त्या लॉटचीही झडती घे. गरम जॉबवर केलेली दुरुस्ती हाच या धंद्यातला सगळ्यात छुपा रिजेक्शनचा झरा आहे, मी अर्धं आयुष्य तो शोधण्यात घालवलं.

समजा माझा अंदाज चुकला आणि बोअर खरोखरच मोठे निघाले, तर प्रकरण साधं नाही. चाकाच्या हबमध्ये हब फिरतो, भार खालच्याच बाजूला असतो, म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग सतत चोळली जाते. तिला घट्ट पकड लागते. ४० मिलिमीटरच्या साध्या बेअरिंगचं बाहेरचं माप ३९.९८९ ते ४०.००० असतं, त्यामुळे पी७ मध्ये सगळ्यात सैल जोडीतसुद्धा ६ मायक्रॉनची पकड उरते. तुझे ८ मायक्रॉन वर खरे असतील तर तीही गेली. वर ब्रेक तापला की ॲल्युमिनियमचा हब बेअरिंगपेक्षा जास्त फुगणार. मग रिंग बोअरमध्ये हळूहळू सरकायला लागते, काळी पूड दिसते, खोबण पडते, चाकाला प्ले येतो. एका दिवसात चाक निखळत नाही, पण काही हजार किलोमीटरनंतर कोणीतरी गॅरेजमध्ये ‘बेअरिंग वाजतंय’ म्हणून येतो. इनचार्जचं ‘बसतंय ना’ इथं कामाचं नाही. बेअरिंग बसतं का हा प्रश्नच नसतो. आठ महिन्यांनी ते जागच्या जागी आहे का, हा प्रश्न असतो. ड्रॉइंगवर त्या मापाशेजारी कस्टमरची सेफ्टीची खूण आहे का, तेही बघ. असली तर घाई दुप्पट कर.

आता तुझ्या सहीबद्दल.

माल चांगला निघाला तरी सही चुकीचीच. हे तुला गोड लागणार नाही. जे मोजलं ते लिहिलं नाहीस आणि जे लिहिलंस ते मोजलं नव्हतंस. तू ३९.९९१ लिहून ठेवलं असतंस, तर सकाळी आलेल्या कोणीही जाणत्या माणसानं ‘हे एकदम कसं उडालं?’ म्हणून जॉबला हात लावला असता, ट्यूबलाइटची गोष्ट बाहेर आली असती, तासाभरात उलगडा झाला असता. ३९.९८० लिहिलंस आणि शोधायला काही उरलंच नाही. बनवलेल्या रिपोर्टचा खरा तोटा हा असतो. खराब माल जातो तो वेगळाच, पण चांगला माल विनाकारण का अडत होता हेही कळेनासं होतं.

माझंही हात दाखवून अवलक्षण झालेलं आहे. १९८९ साली नाशिकला सातपूरमध्ये एका कारखान्यात मी इन्स्पेक्टर होतो. पिनच्या भोकाला गो–नो गो प्लग गेज: गो बाजू आत जायला हवी, नो गो जाता कामा नये. दिवसाला हजारभर भोकं त्या गेजनं तपासायचो. गो बाजू झिजली की गेज बारीक होतं आणि लहान भोकातही सुळकन जातं. गेजवरचा कॅलिब्रेशनचा स्टिकर दोन महिन्यांपूर्वी संपलेला मी रोज बघत होतो. चालतंय म्हणून गप्प होतो. एक दिवस कस्टमरच्या लाइनवर पिना अडकायला लागल्या. तीन दिवस मी त्यांच्या गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर पोतं टाकून २,४०० जॉब एकेक करून निवडत होतो. मे महिना. त्यांच्या कँटीनला आमचा पास चालत नव्हता, म्हणून बाहेरून वडापाव. दुपारी त्यांचे इंजिनिअर यायचे, ओणवं होऊन रिजेक्ट मालाची लाल पेटी बघायचे आणि काही न बोलता जायचे. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. परत आल्यावर आमच्या साहेबांनी एकच विचारलं, ‘स्टिकर दिसत नव्हता?’ दिसत होता. तेव्हापासून गेज हातात घेतलं की मी आधी त्याची तारीख वाचतो, घरी गॅसच्या पाइपवरची एक्सपायरीसुद्धा. बायको हसते.

तर करायचं काय? कस्टमरला फोन नको, निदान पहिलं पाऊल म्हणून नको. तुला अजून नक्की काय झालंय तेच माहीत नाही. उद्या माप घेतलंस की निकाल काहीही लागो, क्वालिटी हेडना भेट आणि लेखी दे. चार ओळी पुरेत: तारीख, शिफ्ट, बॅच कोड, मशिनपाशी मिळालेलं रिडिंग, रिपोर्टमध्ये लिहिलेलं रिडिंग, निवल्यावरचं रिडिंग. इनचार्जचं नाव घेऊन तक्रार करू नकोस, ‘डिस्पॅचच्या घाईत मी चुकीचं रिडिंग लिहिलं’ एवढं स्वतःवर घे. हे सांगताना घसा कोरडा पडेल, पडू दे. माल खरंच बाहेर असेल तर कस्टमरला कळवणं कंपनीचं काम आहे आणि आयएटीएफ १६९४९ मध्ये (वाहन उद्योगाच्या दर्जाच्या मानकात) ते ताबडतोब करायचं असं स्पष्ट म्हटलंय. तुमच्या रिसेप्शनमध्ये त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून टांगलेलं असणार. त्याच मानकाचं ५.३.२ कलम एकदा वाच: मालाच्या दर्जाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांना डिस्पॅच आणि प्रॉडक्शन थांबवण्याचा अधिकार कंपनीनं द्यायला हवा. सगळ्या शिफ्टमध्ये. ५.१.१.१ मध्ये दबाव येत असेल तर वर कळवायची सोय हवी, असंही आहे. हेड साहेबांनीच तुझा कागद दाबला आणि माल खरंच खराब असला, तर ती सोय वापर. त्याआधी नाही.

आणि पुढच्या वेळी इनचार्जशी ‘चालतं’ की ‘नाही चालत’ यावर वाद घालायचाच नाही. तो वाद तू दर वेळी हरशील, त्यांच्याकडे टेम्पो आहे आणि तुझ्याकडे दीड वर्षाचा अनुभव. तुझं काम रिडिंग सांगणं. ड्रॉइंगबाहेरचा माल सोडायचा की नाही हे ना तू ठरवायचं, ना त्यांनी, ते कस्टमर ठरवतो, त्यासाठी डेव्हिएशन (त्यांची खास परवानगी) घ्यावं लागतं. म्हणून शांतपणे म्हणायचं, ‘साहेब, रिडिंग ३९.९९१ आलंय, मी तेच लिहिलंय. जॉब थंड करून अर्ध्या तासात परत मोजतो. तोवर माल पाठवायचा असेल तर होल्ड टॅगच्या मागे तुम्ही सही करा, मी हेड साहेबांना फोन लावतो.’ बहुतेक साहेब लोक पेन बघितलं की अर्धा तास थांबतात. काही सही करतातही, तेव्हा कळतं की माणूस जबाबदारी घेणारा आहे, त्याचा राग धरायचा नाही. तिसरा प्रकार ओरडतो आणि सहीही करत नाही. त्या वेळी लॉगबुकमध्ये वेळ टाकून जे झालं ते लिहायचं आणि माल अडवायचा.

यात नोकरी जाऊ शकते. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणायला कारण लागत नाही, हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. मी तुला शूर बन म्हणणार नाही, घरी पैसे पाठवावे लागतात. पण रागाच्या भरात राजीनामा देऊ नकोस. इथं असतानाच दुसरीकडे चौकशी सुरू ठेव, सीएमएम चालवायला शीक, ड्रॉइंगवरच्या जिओमेट्रिक टॉलरन्सच्या खुणा पक्क्या कर. चाकण-भोसरी पट्ट्यात गेज वाचणारे पुष्कळ आहेत. ‘हे रिडिंग असं का आलं’ सांगणारे मला फार भेटले नाहीत. आणि हो, पुरावा म्हणून ड्रॉइंगचे फोटो मोबाइलमध्ये ठेवू नकोस. त्यात तूच अडकशील.

दुश्मनीचं म्हणशील, तर ऑपरेटरला इन्स्पेक्टर कधी दिसतो? लाल पेटी घेऊन येतो तेव्हा. शंभर जॉब झाल्यावर येऊन ‘सगळे गेले’ म्हणणारा माणूस कोणाला आवडेल, ऑपरेटरचं प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह त्यातच बुडतं. दर अर्ध्या तासाला पाच रिडिंग घेतोस ना, ती रिपोर्टमध्ये पुरून टाकू नकोस, मशिनवर चिकटवलेल्या कागदावर टिंबं मांड. टिंबं एका बाजूला चालू लागली की टॉलरन्स संपायच्या आधी त्याला बोलाव: ‘मामा, बोअर खाली चाललाय, इन्सर्ट बघता का?’ पहिल्यांदा तो खेकसेल. दुसऱ्यांदा इन्सर्टची कड बघेल, तुटलेली निघाली तर त्याचे वीस-तीस जॉब वाचतील. तिसऱ्यांदा तो स्वतः येऊन कागद बघेल. माझ्या वेळचे एक टर्नर होते, माझ्याशी सहा महिने बोलत नव्हते. मग एकदा कागद लांबूनच बघून म्हणाले, ‘आज टिंब टाकायचं राहिलंय तुझं.’ त्या दिवसापासून डब्यातली मिरचीची चटणी अर्धी माझी.

उद्या जाताना घरून एक साधा थर्मामीटर घेऊन जा, स्टँडर्ड रूममधला तुला सेकंड शिफ्टला मिळणार नाही. मंगळवारचे जॉब निवल्यावर काय निघाले ते मला कळव, मोठे निघाले तरी. आणि सेटिंग रिंग खणातून काढून जॉबच्या ट्रेमध्ये ठेवायला लाग. ट्यूबही बदलून घे रे त्या टेबलाची, मेंटेनन्सवाल्यांच्या मागे लागून.